रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे

रविवारी सकाळी उपासनेची घंटा झाली म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळीचे लोक स्वच्छ वस्त्रे नेसून जमतात. ज्यांस पगारी नोकरी आहे, त्यांस त्या दिवशी कामावर जावे लागत नाही. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की, रविवारची सुट्टी इंग्रज आपल्याबरोबर घेऊन आले व ती आपोआपच सर्वांस मिळाली, असे बहुतेक लोक समजतात. सरकारी कचेऱ्यांपुरते ते खरे आहे. परंतु ज्या मुंबईत साहेब लोक रविवारी गाडी जोडून प्रार्थनेस जात, त्याच मुंबईत हजारो गिरणीकामगारांस त्या दिवशीही यंत्रे पुसण्यासाठी कामावर जावे लागे. त्यांना हा दिवस मिळाला तो १८९० साली. तो मिळवून देण्यासाठी जो गृहस्थ वर्षानुवर्षे झटला, त्याचे चरित्र आम्ही आज थोडक्यात सांगणार आहो.

आम्हां वऱ्हाडकरांस हे चरित्र परके वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांत जो कापूस पिंजला व कातला जाई, त्यांतील पुष्कळसा आपल्याच काळ्या जमिनीतला असे. अकोला, खामगाव, अमरावती येथील गाठी आगगाडीने मुंबईस जात. बार्शीटाकळीच्या शिवारातील बाईने पऱ्हाटीवरून वेचलेले बोंड आणि परळच्या गिरणीत सूत धरणाऱ्या बाईचा हात, ही एकाच धाग्याची दोन टोके होत.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, जातीने फुलमाळी, स्थिती गरिबीची. ते पाच वर्षांचे असतील नसतील, तोच १८५३ च्या एप्रिल महिन्यात मुंबईहून ठाण्यापर्यंत हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. पुढील वर्षी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची योजना झाली, आणि १८५६ साली ती गिरणी चालू झाली. म्हणजे हा मुलगा व नवे यंत्रयुग ही दोन्ही एकाच भूमीत बरोबरच वाढली म्हणावयाची. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण झाल्यावर पुढे शिकण्याची ऐपत नव्हती. काही दिवस रेल्वेत, काही दिवस टपालखात्यात नोकरी करून शेवटी ते मांडवी येथील एका गिरणीत कोठारावरचे कारकून, म्हणजे स्टोअरकीपर, झाले.

ही जागा हातमजुराची नव्हती, हे ध्यानात ठेवावे. स्टोअरकीपर टेबलाशी बसतो, त्याच्या अंगावर कापसाची धूळ बसत नाही, आणि मालकाची मर्जी राखली तर त्यास बढतीही मिळते. अशा जागेवरून खालच्या माणसाकडे पाठ फिरवणे फार सोपे असते. लोखंडे यांनी तसे केले नाही. मजुरांचे हाल त्यांना रोज डोळ्यांसमोर दिसत होते व त्यांनी ते नीट पाहून ठेवले.

त्या काळी गिरणीत विजेचे दिवे नव्हते, म्हणून काम दिवसाच्या उजेडावर चाले. पहाट फुटली की भोंगा होई व सूर्य मावळला की यंत्र थांबे. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून थोडी सुटका असे, परंतु उन्हाळ्यात तेरा-तेरा, चौदा-चौदा तास भरत. दुपारी भाकर खाण्यास नेमलेली वेळ नव्हती. यंत्र चालूच असे, आणि शेजारच्याला डोळा ठेवण्यास सांगून मजुराने दोन घास कोंबावे. पूर्ण दिवसाची विश्रांती मिळे ती एखाद्या मोठ्या सणास, आणि रविवारी यंत्रांची सफाई करावयाची असे.

पगाराची तऱ्हा याहून वाईट होती. केलेल्या महिन्याचा पगार पुढचा महिना बराच उलटून गेल्यावर हाती पडे. तोवर घरात पीठ कोठून आणावयाचे? मजूर दुकानदाराकडून उधारीवर दाणे घेई, उधारीवर व्याज चढे, आणि पगार झाला की तो हातातून हातातच दुकानदाराकडे जाई. एक दिवस खाडा झाला तर काही गिरण्यांत दोन दिवसांची मजुरी कापीत. कामावर ठेवणे किंवा काढून टाकणे मुकादमाच्या हाती असल्यामुळे त्याचीही मूठ गरम करावी लागे. पट्ट्यात हात सापडून तो तुटला, तर त्या मजुराचा संसार तेथेच मोडला.

या सुमारास लोखंडे यांचा जोतीराव फुले यांच्याशी संबंध आला. जोतीराव हे पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, आणि १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला होता, हे वाचकांस ठाऊकच असेल. जन्मावरून कोणी उच्च वा नीच ठरत नाही, हे त्या समाजाचे मुख्य तत्त्व. लोखंडे यांनी ते मनापासून स्वीकारले व ते गिरणीच्या दारापर्यंत नेले. जोतीरावांचे बहुतेक सहकारी शेतकऱ्यांच्या दुःखाविषयी लिहीत व बोलत. तो शेतकरी कर्जाने बुडून मुंबईस आल्यावर त्याचे काय होते, हे पाहणारा मनुष्य लोखंडे होय.

कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात दीनबंधु नावाचे पत्र काढले होते. ते डबघाईस आले तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईस आणून आपल्या अंगावर घेतले. त्यासाठी त्यांनी गिरणीतील बरी नोकरी सोडली. ज्यांना वाचता येत नाही अशा लोकांसाठी पत्र चालविणे हा आतबट्ट्याचाच व्यवहार. पण चाळीत एक वाचणारा असला की भोवती वीस ऐकणारे बसतात, हे आमच्या खेड्यातील उपदेशकांस वेगळे सांगावयास नको.

लोखंडे यांनी काम हाती घेतले तेव्हा कायद्याची स्थिती अशी होती. मुंबईतील सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी गिरणीतील मुले व स्त्रिया यांच्यासाठी कायदा व्हावा म्हणून खटपट केली होती. १८८१ साली हिंदुस्थान सरकारने पहिला कारखान्यांचा कायदा केला. परंतु त्यात संरक्षण मिळाले ते मुलांपुरतेच. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये व बारा वर्षांखालील मुलास नऊ तासांहून अधिक राबवू नये, असे ठरले. प्रौढ पुरुषाच्या किंवा स्त्रीच्या कामाच्या तासांविषयी त्यात काहीच नव्हते. या कायद्याचा आग्रह विलायतेतील लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनीही धरला होता. तो दयेपेक्षा स्पर्धेच्या भीतीपोटी अधिक, असे येथील मालक म्हणत, आणि त्यात तथ्य होते. पण एखाद्याच्या हेतूत खोट आहे म्हणून गरिबाच्या पदरात पडणारा न्याय नाकारावा, असे लोखंडे यांस वाटले नाही. मालक देशी आहेत म्हणून त्यांनी केलेला अन्याय सोसावा, असेही वाटले नाही. दोन्हीकडून ओढाताण होत असता मजुराची बाजू मजुरांनीच मांडली पाहिजे, असे त्यांनी मनाशी ठरविले.

मुंबई सरकारने १८८४ साली या कायद्याच्या विचारासाठी चौकशी मंडळ नेमले, तेव्हा ही संधी आली. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात परळ येथे लोखंडे यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि त्यांची एक संस्था उभारली. हिंदुस्थानातील कामगारांची पहिली संघटना म्हणून तिचे नाव घेतले जाते. सभेत एक अर्ज ठरला व त्यावर पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्या झाल्या. ज्या काळी सही करणाऱ्याचे नाव मालकास कळले की नोकरी जाण्याचे भय, त्या काळी पाच हजार माणसांनी कागदावर आपले नाव ठेवले.

त्या अर्जात मागितले काय? रविवारी पूर्ण दिवस विश्रांती मिळावी. दुपारी अर्धा तास जेवणास मिळावा. काम सकाळी साडेसहास सुरू व्हावे व सूर्यास्तास बंद व्हावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. आणि कामावर जबर इजा झालेल्या मजुरास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळून, तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. आम्ही या मागण्या पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत व प्रत्येक वेळी एक गोष्ट मनात भरते. यांत दया, कृपा, मायबापपणा असला शब्द नाही. घड्याळात पाहून, पंचांगात पाहून, मिळाले की नाही हे ज्याचे त्यास सांगता येईल, अशाच गोष्टी त्यांनी मागितल्या. मालक चांगला असावा असे त्यांनी मागितले नाही. मालक कसाही असो, मजुराला साडेसहाच्या आधी आत ओढता येऊ नये, इतकेच मागितले.

अर्ज गेला आणि लवकर काही हाती आले नाही. चौकशी झाली, साक्षी झाल्या, कागद फायलीत पडले. लोखंडे यांनी दीनबंधूत लिहिणे सोडले नाही आणि अर्ज करणेही सोडले नाही. असली सहा वर्षे चरित्रात दोन ओळींत उरकतात, परंतु मनुष्याची पारख त्याच वर्षांत होते.

१८९० च्या एप्रिल महिन्याच्या २४ तारखेस मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर कामगारांची मोठी सभा झाली. दहा हजारांच्या सुमारास माणसे जमली होती. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनी उभे राहून भाषणे केली. वाचकांनी क्षणभर थांबून याचा विचार करावा. त्या वेळी चांगल्या घरच्या बायकांनी परक्या पुरुषांसमोर उंबरठ्याबाहेर येऊ नये अशी रीत, आणि गरीब घरच्या बायकांचे कोणी ऐकून घेऊ नये अशी रीत. अशा काळात दहा हजार लोकांसमोर दोन मजूर बाया आपले दुःख आपल्या तोंडाने सांगतात. त्यांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत. पण बायकांच्या कामाचे दुःख पुरुषाने त्यांच्या वतीने सांगावे, अशी सभेची मांडणी लोखंडे यांनी केली नाही, हे आम्हांस त्यांच्या सर्व कार्यांत मोठे वाटते.

सभेने साप्ताहिक सुट्टीची मागणी गिरणीमालकांच्या संघाकडे पाठविली, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली. रविवार हाच वार का, याविषयी लोखंडे यांचे म्हणणे असे होते की, तो खंडोबाचा वार आहे व बहुतेक कामगार खंडोबास मानणारे आहेत. आमच्या काही वाचकांस हे ऐकून नवल वाटेल. आम्हांस त्याचे वाईट वाटत नाही. थकलेल्या देहास सातव्या दिवशी विसावा मिळाला. त्या दिवशी कोणी जेजुरीस जावो, कोणी उपासनेस येवो, कोणी लेकरांस घेऊन घरी बसो, विसाव्याचा हक्क सर्वांचा सारखाच.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी नवे मंडळ नेमले, आणि मुंबईच्या चौकशीपुरते त्यात लोखंडे यांसही घेण्यात आले. सहा वर्षांपूर्वी ज्याने बाहेरून अर्ज पाठविला, तो आता चौकशी करणाऱ्यांच्या पंक्तीस बसला. १८९१ साली कायदा सुधारला. स्त्रियांस दिवसास अकरा तासांहून अधिक काम देऊ नये, मुलांचे कमीत कमी वय नऊ वर्षे असावे व त्यांस सात तासच काम असावे, दुपारी अर्धा तास विसावा व आठवड्यास एक सुट्टी असावी, हे कायद्यात आले. पुरुषांच्या तासांस मात्र मर्यादा आली नाही. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे लागले तेव्हा सूर्यास्ताचा अडसरही निघाला व कामाचे तास उलट वाढले. त्यांस पहिली मर्यादा पडली ती १९११ साली.

स्त्रियांविषयी लोखंडे यांची कळकळ गिरणीपुरती नव्हती. उच्चवर्णीयांत विधवेचे केशवपन करण्याची क्रूर रूढी होती. १८९० सालीच मुंबईतील न्हावी लोकांनी हे काम आपण करणार नाही असा निश्चय सभेत केला, त्यामागे लोखंडे यांचे साहाय्य होते. हाही कामाच्या न्यायाचाच प्रश्न आहे. आपल्या हाताने दुसऱ्याचा अपमान करण्याचे काम नाकारण्याचा कारागिरास अधिकार आहे, असे त्या न्हाव्यांनी दाखवून दिले.

येथे आम्हांस आपल्या मंडळ्यांतील बंधुजनांशी थोडे बोलावयाचे आहे. आपल्यापैकी कित्येक जण आता चार-दोन एकरांचे धनी आहेत आणि निंदणास, वेचणीस बायका लावतात. डवरणीच्या पुरुषाची रोजी एक, निंदणाच्या बाईची रोजी त्याहून कमी, असा प्रघात आमच्या भागात पिढ्यानपिढ्या आहे. बाईचे काम हलके, असे त्याचे समर्थन करतात. भर उन्हात दिवसभर वाकून निंदण करणे हलके असते असे ज्यास वाटते, त्याने एक दिवस करून पाहावे. सारख्या कामास स्त्री-पुरुषांस सारखे वेतन द्यावे असा कायदा १९७६ साली झाला. पण काम सारखे नाही असे म्हटले की कायद्यास बगल देता येते, आणि कोणते काम हलके हे ठरविणारा बहुधा रोजी देणाराच असतो. मजुरीचा चुकारा कधी मिळेल हे सांगता येत नाही, बाजारचा दिवस गेला तरी पैसे नाहीत, अशी तक्रार आम्ही उपासनेस येणाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे, आणि ती उपासनेस येणाऱ्यांविरुद्धच ऐकली आहे. पंधरा तारखेच्या आत पगार मागणाऱ्या लोखंड्यांचा अर्ज १८८४ चा आहे.

चरित्रनायकाचे गुण गाताना त्यांचे कार्य कोठे पोहोचले नाही, हेही सांगितले पाहिजे. पहिली गोष्ट आमच्या वऱ्हाडाचीच. १८८१ व १८९१ चे कायदे बारमाही चालणाऱ्या कारखान्यांसाठी होते. सरकी काढण्याच्या जिना कापसाच्या हंगामापुरत्या चालत, म्हणून त्या बहुतेक कायद्याबाहेर राहिल्या. मुंबईच्या बाईस अकरा तासांची मर्यादा मिळाली, तेव्हा जिनेत बसणाऱ्या बाईस कसलीच मर्यादा नव्हती. हंगामाच्या धांदलीत तेथे सतरा-अठरा तास काम चालते, असे १९०८ च्या सुमारास सरकारी चौकशीत आढळून आले. हंगामी कारखाने कायद्याखाली आले ते १९११ साली, म्हणजे लोखंडे यांस जाऊन चौदा वर्षे झाल्यावर.

दुसरी गोष्ट जातीची. गिरणीत सर्व जातींचे लोक एका छपराखाली काम करीत, तरी विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या लोकांस घेत नसत. धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतर विणकरांस चालत नसे. या खात्यात मजुरी अधिक, म्हणून हा विटाळ मजुरांस पैशाच्या रूपानेही नडत असे. सत्यशोधकांच्या शिकवणीत वाढलेली संघटना मुंबईत उभी राहून गेली, तरी ही भिंत तशीच राहिली. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकर यांनी हा अन्याय उघडपणे मांडला व तो दूर करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत यावी म्हणून आग्रह धरला. पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच घेतली. येथे अन्याय करणारा मालक नव्हता, शेजारच्या मागावरचा सोबती होता. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांचे आजे-पणजे अशाच बंद दारांबाहेर उभे राहिलेले आहेत.

काही लेखक असेही म्हणतात की, लोखंडे यांच्या संस्थेस नोंदलेले सभासद नव्हते, वर्गणी नव्हती, नियम नव्हते, म्हणून तिला संघटना म्हणणे बरोबर नाही. मद्रासेत १९१८ साली स्थापन झालेल्या संघास ते पहिला मान देतात. हिशेबाच्या वहीच्या दृष्टीने हे बरोबर असेल. पण वर्गणी देण्यास ज्यांच्याजवळ पैसाच उरत नव्हता, त्यांच्याकडून लोखंडे यांनी पाच हजार सह्या मिळविल्या, आणि रविवार मिळविला.

१८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा भयंकर दंगा झाला. गिरणगावातही त्याची झळ लागली. एका यंत्राशी उभे राहणारे दोन मजूर रस्त्यावर एकमेकांच्या जिवावर उठले, हे पाहून लोखंडे यांनी वस्त्यांत फिरून लोकांची समजूत घातली आणि राणीच्या बागेत सलोख्याची सभा भरविली. या कामाबद्दल सरकारने त्यांस रावबहादुर ही पदवी दिली.

१८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईत प्लेग शिरला. ज्यांस गाव होते ते गावी पळाले. ज्यांजवळ पैसा होता ते हवापालटास गेले. चाळीतील मजुरांस सरकारी इस्पितळाची प्लेगापेक्षाही अधिक धास्ती वाटे व ते रोगी लपवून ठेवीत. आपल्या माणसांनी चालविलेले इस्पितळ असेल तर लोक येतील, या विचाराने लोखंडे यांनी मराठा इस्पितळ उघडण्याच्या कामात स्वतःस घातले आणि रोग्यांत वावरू लागले. त्यातच त्यांस रोगाची बाधा झाली. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. पुढच्याच महिन्यात पुण्यास सावित्रीबाई फुले याही प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेल्या. भारत सरकारने लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले ते २००५ साली.